रोज जवळ बाळगायचं रिव्हॉल्व्हर : नळी नको, मूठ बघा

प्रश्न : मी सोलापुरात टॉवेल-चादरींचा व्यापार करतो. वसुलीसाठी विजयपूर, कलबुर्गीपर्यंत एकट्यानं गाडी घेऊन जावं लागतं. दोनदा वाटेत अडवलं गेलं, म्हणून स्वसंरक्षणासाठी शस्त्र परवान्याचा अर्ज केला आणि तो मंजूर झाला. आता रिव्हॉल्व्हर घ्यायचं आहे. कपड्याखाली दिसणार नाही आणि रोज जवळ ठेवता येईल, असं कोणतं घ्यावं? परदेशी व्हिडिओंत लोक नळी आखूड करतात, घोडा घासून घेतात, चाप हलका करून घेतात. एका ओळखीच्या माणसानं "नळी कापून देणारा कारागीर आहे" असं सांगितलं. करून घ्यावं का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : तुमच्या शेवटच्या वाक्याचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं चुकलं तर पैसे जातील, हे चुकलं तर आयुष्य जाईल. त्या कारागिराच्या दारात पाऊल ठेवू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ६ नळी आखूड करण्यासाठीच लिहिलेलं आहे. स्वतंत्र परवान्याशिवाय कोणत्याही बंदुकीची नळी आखूड करता येत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून या गुन्ह्याला किमान सात वर्षं आणि कमाल जन्मठेप आहे. तुमच्या खिशात परवाना आहे म्हणून सूट मिळत नाही. उलट ज्या हत्याराची नोंद तुमच्या नावावर आहे, तेच पुरावा म्हणून समोर ठेवलं जातं. कापताना किंवा घासताना क्रमांक पुसला गेला, तर तो आणखी वेगळा गुन्हा. शिवाय ज्याच्याकडे परवाना नाही त्याच्या हातात रिव्हॉल्व्हर देणं हेही बेकायदा आहे, मग ते दुरुस्तीसाठी का असेना.

मी पोलिसांच्या शस्त्रागारात नोकरीची तीस-एक वर्षं काढली. घासलेली, कापलेली, ठोकून सरळ केलेली पुष्कळ हत्यारं टेबलावर आली. नळी कापून घेणाऱ्या प्रत्येकाचं म्हणणं एकच असायचं : "दिसू नये म्हणून." म्हणून कायदा क्षणभर बाजूला ठेवतो आणि हे सांगतो की नळी कापल्यानं रिव्हॉल्व्हर लपत नाही. नळी कमरेच्या आत, विजारीत खाली जाते. तिथं एखादा इंच कमी-जास्त झाला तरी कुणाला कळत नाही. बाहेर दिसते ती मूठ. करून बघा. उजव्या कमरेवर पट्ट्याशी डाव्या हाताची मूठ आवळून धरा, वरून सदरा सोडा आणि जमिनीवरचं काही उचलायला वाका. सदरा मागे ताणला जाईल आणि तुमच्या मुठीचा खालचा कोपरा कापडातून वर येईल. रिव्हॉल्व्हरच्या मुठीची टाच अशीच वर येते. दुसरी लपत नाही ती गोष्ट म्हणजे सिलिंडरची जाडी. सहा काडतुसं गोलाकार बसणार म्हणजे तेवढी रुंदी लागणारच, तिला कानस लावून उपयोग नाही.

तुम्ही जे व्हिडिओ बघता, त्यांचा उगम अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वीचा आहे. कोल्ट कंपनीनं १९२७ मध्ये दोन इंची नळीचं 'डिटेक्टिव्ह स्पेशल' काढलं. स्मिथ अँड वेसननं १९५० मध्ये पाच गोळ्यांचं 'चीफ्स स्पेशल' आणलं. कोल्टमध्येच काम करणारा जॉन हेन्री फिट्झगेराल्ड नावाचा माणूस घोड्याचं टोक छाटून, मूठ गोल करून, चापाभोवतीच्या कड्याचा पुढचा भाग कापून रिव्हॉल्व्हरं तयार करायचा. खिशातून झटकन निघावं हा हेतू. त्यातली पहिली दोन कामं पुढे कारखान्यांनीच उचलली आणि घोडा आत झाकलेली मॉडेलं आली. चापाचं कडं कापणं मात्र आज कुणी जाणकार सुचवत नाही, कारण किल्ली, नाडी किंवा कापडाची घडी चापाला लागू नये म्हणूनच ते कडं असतं. त्या देशात हे बदल करणाऱ्या कार्यशाळा कायद्यानं चालतात. आपल्याकडे शस्त्रात बदल करायला कलम ५ खाली परवाना लागतो आणि गल्लीतल्या कारागिराकडे तो नसतो.

आता घ्यायचं काय. आपल्याकडे निवड थोडी आहे, हे एका अर्थी बरंच आहे. लष्कर आणि पोलीस ज्या बोअरची हत्यारं वापरतात ती सामान्य परवान्यावर मिळत नाहीत. त्यामुळे .३८ चं रिव्हॉल्व्हर आणि ९ मिलिमीटरचं पिस्तूल हे दोन्ही प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतात. सामान्य माणसासाठी परदेशी हत्यारांची आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे. बाजारात जुनी वेबली, कोल्ट, स्मिथ अँड वेसन फिरतात ती त्याआधी आलेली, आणि त्यांच्या किमती नावाच्या असतात, कामाच्या नाहीत. उरतं ते मुख्यतः .३२. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचं मधोमध मोडणारं, म्हणजे वरचा खटका दाबला की नळी पुढे झुकून उघडणारं, सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर आपल्याकडे सर्वात जास्त दिसतं. त्याची घडण जुन्या वेबलीवरून घेतलेली आहे. वजन सातशे ग्रॅमच्या आसपास. कानपूरच्याच फील्ड गन फॅक्टरीनं २०१४ च्या जानेवारीत 'निर्भीक' आणलं, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, सुमारे पाचशे ग्रॅमचं. तेव्हाची किंमत १,२२,३६० रुपये होती. ईशापूरच्या रायफल फॅक्टरीनं 'निडर' नावाचं अडीचशे ग्रॅमचं .२२ काढलं. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या. त्यातल्या कानपूरच्या कंपनीनं २०२३ मध्ये 'प्रबल' आणलं. त्याचं सिलिंडर मोडत नाही, बाजूला उघडतं. आता खाजगी कारखान्यांची हत्यारंही मिळतात.

दुकानात गेल्यावर प्रत्येक जण सर्वात हलकं हातात घेतो आणि खूश होतो. तिथंच थांबून विचार करा. .३२ च्या काडतुसातली गोळी सव्वासहा ग्रॅमची असते आणि साधारण सव्वादोनशे मीटर प्रतिसेकंद वेगानं सुटते. जलदगती गोलंदाजाच्या चेंडूत जेवढी ऊर्जा असते तिच्याहून थोडीच जास्त ऊर्जा या गोळीत असते. फरक असा की चेंडूची ऊर्जा तळहाताएवढ्या जागेवर उतरते आणि गोळीची करंगळीच्या नखापेक्षा लहान जागेवर. गोळी पुढे जाते तितक्याच जोरानं हत्यार मागे रेटलं जातं. हत्यार जितकं हलकं तितका धक्का मोठा. काडतूस तेच ठेवून सातशे ग्रॅमचं रिव्हॉल्व्हर पाचशे ग्रॅमचं केलं, तर धक्क्याची ऊर्जा चाळीस टक्क्यांनी वाढते. .३२ चा धक्का मुळात सौम्य आहे, तो सहन होईल. पण दुसरी गोळी नेमावर आणायला लागणारा वेळ वाढतो, आणि सराव करताना हात दुखला की माणूस सराव सोडतो. तुमच्यासारख्या रोज पट्टा बांधणाऱ्या, गाडीतून फिरणाऱ्या माणसानं सातशे ग्रॅमचंच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. जास्तीचे दोनशे ग्रॅम चांगला पट्टा उचलतो. हलकं हत्यार ज्यांना पट्टा बांधताच येत नाही त्यांच्यासाठी ठेवा.

मॉडेल ठरलं म्हणजे निवड झाली असं समजू नका. एकाच मॉडेलची चार रिव्हॉल्व्हरं हातात घेतली तर चारही वेगळी लागतात, कारण आतले भाग शेवटी माणसाच्या हातानं बसवलेले असतात. विक्रेत्याला सगळी बाहेर काढायला सांगा, लाजू नका. उघडून रिकामं आहे याची तुमच्या डोळ्यांनी आणि बोटानं खात्री करा, आणि सुरक्षित दिशेला धरून चाप सावकाश पूर्ण ओढा. घोडा न चढवता ओढलेला चाप जड असतो, चार-पाच किलोचा जोर लागतो. जडपणाची चिंता नको. तो वाळूतून ओढल्यासारखा अडखळतो का, ते बोटाला विचारा. चाप मागे धरून ठेवलेला असताना सिलिंडर अंगठ्यानं हलवून बघा. अगदी सुईभर हललं तर चालतं, पण खुळखुळलं तर ते ठेवून द्या, कारण गोळीचं घर आणि नळीचं तोंड एका रेषेत येणार नाही. उजेडाकडे धरून नळी आणि सिलिंडर यांच्यातली फट सहाही घरांवर सारखी दिसते का बघा. मोडणाऱ्या जातीत बिजागरी आणि वरचा खटका हाच जीव असतो. बंद करून नळी आणि मूठ दोन हातांत धरून पिळायचा प्रयत्न करा, कुठंही कटकट आवाज येता कामा नये. असं पाऊण तास घालवून घेतलेल्या रिव्हॉल्व्हरला पुढे कुठलाही 'बदल' करावासा वाटत नाही.

चाप हलका करण्याबद्दल थोडक्यात. चाप हलका होतो तो बहुतेक वेळा कमान कमजोर करून. त्याच कमानीच्या जोरावर घोडा काडतुसाच्या टोपीवर आपटतो. कमान कापली की चाप लोण्यासारखा होतो आणि दहातलं एखादं काडतूस फुटत नाही. आणि जड चाप हाच रिव्हॉल्व्हरचा सेफ्टीचा खटका आहे. पट्ट्यावर दिवसभर भरलेलं हत्यार वागवायचं तर तो जडपणा तुमच्या बाजूचा आहे. अडखळत असेल तर परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे किंवा विक्रेत्यामार्फत कारखान्याकडे पाठवा, पावती घेऊन.

आता मनासारखं करून घ्यायची एक गोष्ट उरते, आणि तीच सर्वात मोलाची आहे : मूठ. मुठीच्या दोन्ही बाजूंना पट्ट्या असतात, एका स्क्रूनं बसवलेल्या. कारखान्याच्या पट्ट्या सरासरी हातासाठी असतात. तुमचा हात त्यावर ठेवा. मनगट सरळ, नळी हाताच्या हाडाच्या रेषेत, आणि पहिल्या बोटाच्या टोकाची गादी चापाच्या मधोमध यायला हवी. बोट पोहोचत नसेल तर पट्ट्या जाड आहेत. बोटाचा सांधा चापावर येत असेल तर पातळ आहेत. माझा एक जुना प्रघात सांगतो. रिव्हॉल्व्हर घरी कपाटात कुलपात ठेवायचं, फक्त पट्ट्या काढायच्या आणि त्या नमुना म्हणून चांगल्या सुताराकडे न्यायच्या. सुताराला हत्यार बघायचीही गरज पडत नाही. शिसवाच्या पट्ट्या करून घ्या, खालची टाच गोल करा, कोपरे मोडा, आणि पॉलिश गुळगुळीत ठेवा. रबरी मूठ पकडायला छान, पण सदऱ्याचं कापड तिला चिकटतं आणि चालताना वर चढतं. लपवायच्या हत्यारावर ती नको. टाच गोल झाली की आधी सांगितलेला तो कोपरा सदऱ्यातून वर येत नाही. नळी न कापता जे हवं होतं ते इथं मिळतं, आणि कायद्याची अडचणही नाही.

मग होल्स्टर. विकत मिळणारी पातळ कापडी होल्स्टरं मला पसंत नाहीत. चाप पूर्ण झाकणारं, तोंड उघडं राहणारं, जाड कातड्याचं, त्याच मॉडेलच्या मापाचं हवं. तोंड मिटणारं असलं तर रिव्हॉल्व्हर परत ठेवताना कातड्याची कड आत वळून चापात अडकते, आणि माणूस जोर लावतो. ठेवताना घाई कधीच नसते. बघून ठेवा. पट्टा दीड इंची आणि ताठ घ्या, नाहीतर सातशे ग्रॅम दुपारपर्यंत लोंबायला लागतात आणि तुम्ही दर पाच मिनिटांनी विजार वर ओढता. जाणकार चोराला तेवढी खूण पुरते. नाडीचा लेंगा आणि वर नेहरू शर्ट हा आपल्याकडचा पोशाख हत्यारासाठी अगदी गैरसोयीचा. नाडीवर काहीही अडकवू नका. खिशात ठेवायचं असेल तर त्या खिशात दुसरं काहीही नको, सुटे पैसेसुद्धा.

सोलापूरच्या उन्हाळ्याचा हिशेब वेगळा करावा लागतो. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर असताना कमरेशी दिवसभर घाम मुरतो. घामातलं मीठ पोलादाला दोन दिवसांत तांबूस करतं, आणि तेही मुठीच्या पट्टीखाली, जिथं दिसत नाही. संध्याकाळी घरी आल्यावर सुती कापडानं पुसा, तेलाचा हात फिरवा, पण थेंब नको. जास्त तेल काडतुसाच्या टोपीत झिरपलं तर काडतूस मुकं होतं. रात्री होल्स्टरमधून काढून ठेवा, कातडं ओल धरतं. महिन्यातून एकदा पट्ट्या काढून आतून पुसा. काडतुसाच्या बुडावर 'केएफ' अशी अक्षरं दिसतील, ती आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची. हा कारखाना १८६९ पासून चालू आहे. जवळ बाळगलेली सहा काडतुसं वर्षातून एकदा सरावात उडवा आणि नवी भरा.

सरावाबद्दल बोलताना मला माझी एक चूक सांगावी लागेल. नोकरीची पहिली वर्षं होती. मैदानावर सहा गोळ्या झाडून झाल्या असं मी मनात मोजलं, रिव्हॉल्व्हर मोडून उघडलं आणि पुंगळ्या तळहातावर पडल्या. बघितलं तर पाच हलक्या, एक जड. एक काडतूस फुटलंच नव्हतं आणि मी ते गोंगाटात झाडल्यात धरलं होतं. त्या आधीच्या क्षणी, उघडण्यापूर्वी, मी शेजारच्या सहकाऱ्याशी बोलायला वळलो होतो आणि नळी त्याच्या पोटाकडे होती. काही झालं नाही. पण तो जड तुकडा तळहातावर कसा लागला, ते अजून आठवतं. मोजणीवर विसंबू नका; उघडा आणि बघा. उघडताना सिलिंडरची मागची बाजू जमिनीकडे करून उघडा. आतला तारा पुंगळ्या उचलतो तेव्हा त्या खाली पडायला हव्यात. आडवं धरून उघडलं तर एखादी पुंगळी ताऱ्याखाली सरकते, तारा परत बसत नाही, आणि रिव्हॉल्व्हर ना उघडतं ना मिटतं. घरात बसून ती काढायला दहा मिनिटं लागतात, रस्त्यावर तेवढी मिळत नाहीत.

तुम्ही "लपवून बाळगायचं" असं लिहिलंय. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत त्यासाठी वेगळा परवाना असतो. आपल्याकडे उलट आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी हत्यार होल्स्टरमध्ये आणि पूर्ण झाकलेलंच हवं. म्हणजे झाकून नेणं ही तुमची हौस नसून बंधन आहे. लग्नाच्या वरातीत सदरा मागे सारून मूठ दाखवणं, मोबाईलवर हत्यारासोबत चित्रफीत करणं, यानं परवाना जाऊ शकतो. आनंदात हवेत गोळी झाडली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आणि तुमच्या प्रवासाचं. परवान्यावर कार्यक्षेत्र छापलेलं असतं, ते आजच वाचा. फक्त महाराष्ट्रापुरता परवाना असेल तर विजयपूरच्या रस्त्यावर टाकळीजवळ भीमा ओलांडली, किंवा कलबुर्गीकडे जाताना दुधनी मागे पडली, की त्याच पट्ट्यावरचं तेच रिव्हॉल्व्हर विनापरवाना होतं. सोलापूरकरांच्या बाबतीत ही चूक मी अनेकदा पाहिली आहे, कारण आपल्याला ती सीमा सीमा वाटतच नाही. पलीकडे आपलीच माणसं, आपलीच गिऱ्हाइकं. संपूर्ण भारताचं कार्यक्षेत्र हवं असेल तर तुमची कलबुर्गी-विजयपूरची वसुली कागदोपत्री दाखवून त्यासाठी अर्ज करा. तोवर त्या दिवशी हत्यार घरी, आणि वसुली बँकेतून.

शेवटी एवढंच सांगतो की हे वापरायचं कधी, ते घेण्याआधी ठरवा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क आहे, आणि त्यातच, कलम ३७ मध्ये, त्याची मर्यादाही आहे : संरक्षणाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. पैशाची पिशवी हिसकावून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घालणं या हक्कात बसवणं फार अवघड आहे. पिशवी जाऊ द्या.

प्रश्न : मी एकटी राहते, रात्रपाळी करते. 'निर्भीक' पर्समध्ये ठेवता येईल का?
— एक परिचारिका, सोलापूर

उत्तर : परवाना असेल तर नियमात बसतं. पिशवीत ठेवायचं तरी ते झाकलेलं आणि पूर्णपणे तुमच्या ताब्यात असायला हवं. पण मी पर्सच्या विरोधात आहे. चोर पहिल्यांदा पर्सच ओढतो, आणि मग तुमचं हत्यार त्याच्या हातात. ड्यूटीवर पर्स लॉकरमध्ये किंवा टेबलाखाली राहते, म्हणजे तीही तुमच्या ताब्यात नाही. रुग्णालयाच्या आवारात हत्यार नेता येतं का, हे आधी लेखी विचारा. तुमच्या जागी मी असतो तर येण्या-जाण्याची गाडी, सोबत आणि ११२ हा क्रमांक या तीन गोष्टी आधी पक्क्या केल्या असत्या. हत्यार घ्यायचंच ठरलं तर सलवार-कमीजवर आतून बांधायचा रुंद पट्टा आणि पोटाशी होल्स्टर. हलकं 'निर्भीक' तिथं योग्य. त्यासोबत शस्त्र सुरक्षेचं प्रशिक्षण पूर्ण घ्या, फक्त प्रमाणपत्रापुरतं नको.

प्रश्न : हॉटसनवर अगदी जवळून गोळ्या झाडल्या, तरी तो वाचला कसा? रिव्हॉल्व्हरच कमजोर होतं का?
— एक विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : या प्रश्नाचा सोलापूरशी थेट संबंध आहे, म्हणून आनंदानं उत्तर देतो. मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा लागू झाला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी दिलं गेलं. चार हुतात्म्यांचे पुतळे आपण रोज बघतो. सोलापुरातल्या त्या दडपशाहीचा राग मनात धरून वासुदेव बळवंत गोगटे या फर्ग्युसनच्या विद्यार्थ्यानं २२ जुलै १९३१ रोजी कॉलेजच्या वाडिया ग्रंथालयात हंगामी गव्हर्नर अर्नेस्ट हॉटसनवर गोळ्या झाडल्या. गोळी हॉटसनच्या खिशातल्या पाकिटाच्या धातूच्या बटणावर अडली, असं सांगतात. पुढे आयुष्यभर लोक त्यांना 'हॉटसन गोगटे' म्हणत राहिले.

हत्यार कमजोर होतं असं म्हणता येत नाही. लहान हत्यारांच्या गोळीत ऊर्जा मुळातच मर्यादित असते, हे वर लिहिलंच आहे; ती कडक धातूवर नेमकी आदळली तर तिथंच चपटी होऊ शकते. त्या काळात हिंदी माणसाला सरावाला जागाही नव्हती. लिटनच्या १८७८ च्या शस्त्र कायद्यानं हिंदी माणसाला परवान्याची सक्ती केली आणि युरोपियनांना सूट दिली. तो कायदा जाऊन आताचा १९५९ चा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला.

प्रश्न : आजोबांचं जुनं वेबली वडिलांच्या नावावर आहे. वडील ७३ वर्षांचे आहेत. ते माझ्या नावावर होईल का? निवडणुकीत ते दर वेळी जमा करावं लागतं, तेही टाळता येईल का?
— एक शेतकरी, बार्शी तालुका

उत्तर : होऊ शकतं. परवानाधारक ७० वर्षांचा झाला, किंवा हत्यार २५ वर्षं त्याच्याकडे राहिलं, तर तो हयात असतानाच कायदेशीर वारसाच्या नावे परवाना देता येतो. तुम्ही सोलापूर शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीबाहेर असल्यानं अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा. तुमचं वय २१ पूर्ण हवं, बाकी वारसांची लेखी संमती हवी, आणि पोलिसांची चौकशी होईल. अर्ज करण्याआधी नळीवरचं बोअर नीट वाचा. वेबली .३२ मध्येही आहे आणि .३८ मध्येही. .३२ असेल तर सोपं. .३८ असेल तर ते प्रतिबंधित बोअर, आणि तो विषय केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो. २०१९ पासून एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात. तुमच्याकडे शेताच्या राखणीची बारा बोअर आणि आणखी एखादं असेल, तर आधी एक कमी करावं लागेल.

निवडणुकीत जमा करायचा आदेश छाननी करून निघतो. सूट हवी असेल तर कारणासह लेखी अर्ज द्या, पण आदेश हातात आला की मुदतीत जमा करा. जमा करताना रिकामं करून, पुसून, तेल लावून द्या. पावतीवर क्रमांक तुमच्या डोळ्यांसमोर लिहून घ्या, आणि काडतुसांची संख्या वेगळी लिहून घ्या. परत घेताना पुन्हा उघडून सहाही घरं बघा. हे वेबली वडिलांच्या हातून तुमच्या हाती येईल त्या दिवशीही, घरच्या ओसरीवर, दोघांनी मिळून आधी तेच करा.